घरकुलाचं सेंट्रिंग: गटाने कोणतं सामान घ्यावं आणि भाडं कसं ठरवावं

मैत्रिणींनो, घरकुलाच्या खर्चाचा कागद काढून बघा. विटा, सिमेंट, सळई, खडी, वाळू, गवंड्याची मजुरी हे सगळं त्यात दिसतं. आणखी एक ओळ असते ती म्हणजे सेंट्रिंग. तिचे पैसे प्रत्येक घर देतं, पण घर पूर्ण झाल्यावर त्या पैशातलं काहीच घरात शिल्लक दिसत नाही. प्लेटा, जॅक, फळ्या, बल्ल्या सगळं ट्रॉलीत भरून परत जातं. बहुतेक वेळा ते तालुक्याच्या गावच्या ठेकेदाराकडे जातं आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात उभं राहतं. म्हणून गटाच्या बैठकीत हल्ली हा विषय निघतो, की हे सामान आपल्याच गटाचं असलं तर?

प्रश्न चांगला आहे आणि नवाही नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये 'बिहान' अभियानातल्या कितीतरी गटांनी प्रधानमंत्री आवासच्या घरांसाठी सेंट्रिंग प्लेटा भाड्याने देण्याचं काम सुरू केलं आहे. आपल्याकडेही प्रधानमंत्री आवास, रमाई, शबरी, मोदी आवास अशा योजनांची घरं गावोगाव चालू आहेत. म्हणजे गिऱ्हाईक गावातच आहे. पण सामान घेण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. कोणतं सामान आपल्याला उचलतं आणि पुन्हा पुन्हा वापरता येतं, ही पहिली. भाडं कोणत्या रीतीने लावायचं, ही दुसरी. दुसरी गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते. पण स्लॅब पडतो की टिकतो, हे काही वेळा तिच्यावरच ठरतं.

आधी वजनाचा अंदाज घ्या

प्रधानमंत्री आवास ग्रामीणमध्ये घराचं किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर धरलेलं आहे, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. त्यावर पाच इंची स्लॅब टाकला तर तीन घनमीटरपेक्षा थोडं जास्त काँक्रीट लागतं. एक घनमीटर काँक्रीट सळईसकट अडीच टनांचं असतं. हिशोब केला तर या छोट्याशा घराच्या स्लॅबचं वजन पावणेआठ टनांच्या घरात जातं. वर घमेली घेऊन फिरणारी माणसं वेगळी.

स्लॅब भरला त्या दिवशी काँक्रीट म्हणजे नुसता जड चिखल असतो. स्वतःचं वजन पेलायची ताकद त्यात शून्य असते. ते सगळे पावणेआठ टन खालच्या प्लेटांवर, प्लेटांचं वजन आडव्या स्पॅनवर किंवा वाशांवर, त्यांचं वजन उभ्या जॅकवर आणि शेवटी जमिनीवर येतं. खाली ३२ जॅक लावले असतील तर एकेकावर जवळपास अडीचशे किलो. सेंट्रिंग तात्पुरतं असतं म्हणून ते कसंही चालतं, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. आठ-पंधरा दिवस का होईना, पण त्या दिवसांत घराचं अख्खं छप्पर त्याच्याच जिवावर उभं असतं.

प्लेट: लोखंड, प्लॅस्टिक की प्लाय?

गावात अजून लाकडी फळ्या आणि निलगिरीच्या, सुरूच्या बल्ल्या दिसतात. पहिल्या खेपेला स्वस्त पडतात. पण प्रत्येक स्लॅबला त्यात खिळे ठोकायचे, काढायचे, कापायचं. चार-सहा वापरांत फळीची टोकं फुटतात, पावसात ती पिळवटते, बल्लीला वाळवी लागते. बल्ली वाकडी असली की तिचा भार सरळ खाली जात नाही आणि लांबी कमी पडली की खाली विटा रचल्या जातात. विटांवर उभी केलेली बल्ली ही सेंट्रिंग कोसळण्याची अगदी नेहमीची सुरुवात आहे. गटाने नवीन पैसा यात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लाय वजनाला हलका आणि स्लॅबचा तळ गुळगुळीत येतो. पण साध्या प्लायच्या कडांना पाणी लागलं की तो फुगतो, पदर सुटतात. त्यावर गुळगुळीत थर दिलेला प्लाय जास्त खेपा टिकतो, पण तोही कापला की कापलेल्या कडेने पाणी पितो. प्रत्येक घराचं माप वेगळं असल्याने आपल्याकडे तो कापला जाणारच. भिंतीकडेच्या वितभर जागा भरायला थोडा प्लाय ठेवावा, सगळा स्लॅब त्यावर नको.

लोखंडी प्लेट सगळ्यांनी बघितलेली आहे. तीन फूट बाय दोन फूट, खाली अँगलची चौकट. विकत घेताना दुकानदार 'हेवी' आणि 'लाइट' असे दोनच शब्द बोलतो. तुम्ही पत्र्याची जाडी विचारा. एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. त्या हिशोबाने दोन मिमी पत्र्याच्या तीन बाय दोनच्या प्लेटेत नुसता पत्रा पावणेनऊ किलो होतो. अँगल धरून प्लेट १२-१३ किलोवर जाते. पत्रा तीन मिमी आणि अँगल जाड घेतला तर तीच प्लेट वीस किलोच्या पुढे जाते. दुकानात वजनकाटा असतोच, एक प्लेट त्यावर ठेवायला सांगा. सांगितलेली जाडी आणि काट्यावरचं वजन जुळत नसेल तर पत्रा कुठेतरी पातळ आहे.

गटासाठी मी दोन मिमीच्या आसपासची प्लेट सुचवेन. ती एकटीला खांद्यापर्यंत उचलता येते. वर चढवताना एक खालून देईल, एक वरून घेईल, एवढंच लागतं. वीस किलोची प्लेट दिवसभरात पन्नास वेळा वर देणं कोणाच्याही कमरेला परवडत नाही. शेवटी ते काम गड्यांकडे जातं आणि मजुरीही त्यांच्याकडे. हलक्या सामानाचा खरा फायदा आपल्याला इथे आहे, त्याचा हिशोब पुढे येतोच. पण दीड मिमीच्या खाली जाऊ नका. तो पत्रा दोन-चार स्लॅबनंतर मधून पोक काढतो आणि स्लॅबचा तळ पापडासारखा लहरी येतो.

प्लॅस्टिकच्या प्लेटा आता जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू लागल्या आहेत. त्या लोखंडापेक्षा बऱ्याच हलक्या, गंज नाही, सिमेंट फारसं चिकटत नाही, तेल कमी लागतं. वाहतुकीलाही सोप्या. मग अडचण काय? प्लॅस्टिक लोखंडापेक्षा जास्त वाकतं, म्हणून खालचे आधार जवळजवळ द्यावे लागतात. वर सळई कापताना किंवा वेल्डिंग करताना ठिणगी पडली की भोक पडतं. उन्हात वर्षभर उघडी पडली तर कडक होऊन तडकते. आणि प्लॅस्टिक प्लॅस्टिकमध्ये फार फरक असतो. घ्यायच्या आधी एक साधी परीक्षा करा. तीन बाय दोनच्या प्लेटवर पाच इंची ओल्या काँक्रीटचं वजन पावणेदोनशे किलोच्या जवळ येतं, म्हणजे आपण तिघी बायका. स्लॅबखाली जसे आधार द्यायचेत तसे दोन्ही टोकांना आधार देऊन, जमिनीपासून वीतभर उंचीवर प्लेट ठेवा आणि तिघी हळूच उभ्या राहा. किती वाकते, उतरल्यावर पुन्हा सरळ होते का, ते बघा. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण लेच्यापेच्या मालाचा दुकानदार ती करू द्यायला तयार होत नाही, एवढं नक्की कळतं.

ॲल्युमिनियमबद्दल कोणीतरी विचारणारच. शहरातल्या उंच इमारतींना ते वापरतात, कारण तिथे एकाच मापाचा मजला वीस-पंचवीस वेळा भरायचा असतो. धातू लोखंडाच्या एक-तृतीयांश वजनाचा. पण आपल्याकडे एक घर दहा बाय अकराचं, तर दुसरं नऊ बाय बारा. शिवाय किंमत जास्त आणि भंगारात भाव चांगला येतो म्हणून चोरीची भीती. घरकुलांसाठी तो आपला माल नाही.

जॅक आणि स्पॅन आधी, प्लेटा नंतर

पूर्ण संच एकदम घेऊ नका. आधी जॅक घ्या. ज्या ठेकेदाराकडे प्लेटा आहेत त्यालाही जॅक कमी पडतात. जो फळ्या वापरतो त्यालाही बल्लीऐवजी जॅक हवे असतात. त्यामुळे जॅक घरी पडून राहत नाहीत. उंची कमी-जास्त करता येणारा लोखंडी जॅक साधारण साडेसहा फुटांपासून अकरा फुटांपर्यंत वाढतो आणि १२ ते १८ किलोचा असतो. पाइपात पाइप, मध्ये पिन आणि वर आटे असलेली फिरकी.

त्या पिनेकडे लक्ष ठेवा. पिन हरवते आणि तिच्या जागी सळईचा तुकडा घातला जातो. मूळ पिन विशिष्ट जाडीची आणि कडक लोखंडाची असते. आठ मिमी सळई तिथे वाकते आणि अडीचशे किलो भार असलेला जॅक एका क्षणात खाली बसतो. एक बसला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो. म्हणून पिन साखळीने जॅकलाच जोडून घ्या आणि दहा-वीस पिना जास्तीच्या ठेवा. आणखी एक, जॅक जितका लांब ओढाल तितकी त्याची ताकद कमी होते. साडेनऊ फुटांवर तो जे पेलतो ते अकरा फुटांवर पेलणार नाही.

स्पॅन म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टाकायचा, लांबी कमी-जास्त होणारा लोखंडी आडवा आधार. त्याने मधले बरेच जॅक वाचतात आणि खाली चालायला जागा राहते. पण स्पॅन टाकला की मध्ये आधार लागतच नाही असं सांगणारे भेटतील. किती लांबीला किती वजन, हे बनवणाऱ्याच्या तक्त्यात छापलेलं असतं. तो कागद मागून घ्या आणि गटाच्या फाइलला लावा.

जॅकच्या खाली काय आहे हेही तितकंच महत्त्वाचं. घरकुलात जोत्यातला मुरूम पुष्कळदा नुकताच भरलेला असतो. त्यावर स्लॅबला मारलेलं पाणी गळतं, मुरूम मऊ होतो आणि जॅक रुततो. प्रत्येक जॅकखाली दीड-दोन फुटांची जाड फळी आडवी टाकायची. वीट नाही, दगड नाही. भराव ठोकलेला नसेल तर आपलं सामान त्या घरी उभं करायचं नाही, असा नियमच ठेवा. घरवाल्याला राग येईल, येऊ दे.

वस्तू टिकते ती घासण्याने

एक हिशोब मांडते. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या बाजारचे भाव घालून पुन्हा करा. समजा लोखंडी प्लेट १,५०० रुपयांना आली आणि शेवटी भंगारात ४०० आले. मधले १,१०० रुपये जितक्या स्लॅबना वापरली तितक्यांत वाटले जातात. ८० स्लॅब झाले तर एका वापराला पावणेचौदा रुपये. आदळआपट करून २० स्लॅबमध्येच मोडीत गेली तर ५५ रुपये. म्हणजे प्लेट तीच, किंमत तीच, खर्च चौपट. प्लेट कोणती घेतली यापेक्षा ती कशी परत आली, यावर हा फरक पडला.

प्लेट खराब होते ती बहुतेक उतरवताना. वरून खाली फेकली की कोपरा दुमडतो, मग दोन प्लेटांत फट पडते, फटीतून सिमेंटचं पाणी गळतं आणि स्लॅबच्या तळाला नुसती खडी उघडी दिसते. त्या जागी पुढे सळईला गंज चढतो. त्यामुळे उतरवताना हातोहात खाली घ्यायची. त्याच दिवशी, सिमेंट कोवळं असताना, पत्र्याच्या खरपीने खरवडायची. आठवडाभर ठेवली की तेच सिमेंट हातोडीने काढावं लागतं आणि हातोडीने पोचे पडतात.

तेल लावायचं ते पातळ आणि सळई बांधायच्या आधी. सळईला तेल लागलं तर काँक्रीट तिला धरत नाही. गॅरेजमधलं जळकं काळं ऑइल फुकट मिळतं म्हणून सगळे वापरतात, पण त्याचे डाग छताला राहतात आणि वर गिलावा नीट बसत नाही. सेंट्रिंगसाठीचं, पाण्यात मिसळणारं तेल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. एका डब्यात बऱ्याच प्लेटा होतात. दोन प्लेटांच्या सांध्यावर खाकी चिकटपट्टी मारली तर गळती थांबते, हा स्वस्तातला उपाय आहे.

सामानाला गटाचा एक रंग द्या आणि नंबर टाका. साइटवर तीन ठेकेदारांचं सामान एकत्र येतं, तेव्हा 'आमची प्लेट' ओळखायला रंगच उपयोगी पडतो. ठेवताना प्लेटा उभ्या, पत्र्याच्या छपराखाली. जॅकच्या आट्यांना महिन्याला ग्रीस.

भाडं दिवसावर लावू नका

आता मुख्य गोष्ट. भाड्याने सामान देणारे बरेच जण रोजाचा दर लावतात. प्लेटला दिवसाला इतके, जॅकला इतके. हिशोबाला ते सोपं वाटतं. पण घरवाल्याच्या बाजूने विचार करा. घरकुलाचा पुढचा हप्ता स्लॅबच्या फोटोवर अडलेला, उधारी झालेली आणि सेंट्रिंगचं भाडं रोज चढतंय. तो चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणणारच, 'स्लॅब कडक झालाय, काढून टाका.' वरून पाय ठेवला तर स्लॅब खरंच कडक लागतो. पण कडक लागणं वेगळं आणि स्वतःचे आठ टन पेलणं वेगळं.

याबद्दल देशाचं मानक आहे, आयएस ४५६, सन २००० चं. साधं ओपीसी सिमेंट आणि १५ अंशांच्या खाली न जाणारं तापमान धरून त्यात किमान दिवस दिले आहेत. साडेचार मीटरपर्यंतच्या, म्हणजे पावणेपंधरा फुटांपर्यंतच्या स्लॅबचे आधार ७ दिवस, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे आधार १४ दिवस, त्याहून लांब बीमचे २१ दिवस. कॉलमच्या आणि बीमच्या उभ्या बाजू मात्र १६ ते २४ तासांत काढता येतात.

आपल्या दुकानात मिळणारं पोतं नीट वाचा. बहुतेक ते पीपीसी असतं, राख मिसळलेलं. चांगलंच सिमेंट आहे ते, पण सुरुवातीच्या दिवसांत ताकद हळू धरतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणखी हळू. शिवाय गावात पाणी मोजून घालत नाहीत, कालवताना सैल करतात. त्यामुळे गटाने खोलीच्या स्लॅबलाही सरसकट १४ दिवसांचा नियम करावा. घराच्या बाहेर आलेला छज्जा किंवा गॅलरी सगळ्यात शेवटी मोकळी करायची आणि त्यासाठी पंचायत समितीच्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याला विचारूनच.

म्हणून भाडं स्लॅबवर लावा. एक स्लॅब, इतके चौरस फूट, इतका दर आणि त्यात १४ दिवस धरलेले. पाचव्या दिवशी काढलं तरी तेवढेच पैसे, चौदाव्या दिवशी काढलं तरी तेवढेच. मग लवकर काढण्यात घरवाल्याचा काही फायदा उरत नाही. चौदा दिवस झाल्यावर सामान अडवून ठेवलं तर पुढे रोजाचा दंड लावा. हा नियम चिठ्ठीवर लिहून सही घ्या. चिठ्ठीत स्लॅब भरल्याची तारीख, काढायची तारीख, नग आणि अनामत रक्कम एवढं असलं की पुरे.

मोह घरवाल्यालाच होतो असं नाही. आपल्यालाही होतो. पुढचं गिऱ्हाईक दारात, बँकेचा हप्ता पाच तारखेला आणि प्लेटा अजून दुसऱ्याच्या छताखाली. अशा वेळी अध्यक्ष-सचिवांनी दोघींनी ठरवून आधी काढायला परवानगी द्यायची नाही. तारीख नोंदवहीत एकदा लिहिली की ती बदलायचा अधिकार कोणालाच नको.

काढतानाही क्रम असतो. खोलीच्या स्लॅबचे जॅक मधून सुरू करून भिंतीकडे सैल करत जायचे, म्हणजे स्लॅब हळूहळू दोन्ही भिंतींवर भार घेतो. छज्जाचं उलटं. बाहेरच्या मोकळ्या टोकाकडून सुरू करून भिंतीकडे यायचं. एकदम ठोकून पाडायचं नाही, फिरकी थोडी थोडी सैल करायची. आणि स्लॅब भरताना काँक्रीटचा ढीग एका जागी ओतू देऊ नका. त्या वेळी छताखाली कोणी थांबायचं नाही. जॅकवर नजर ठेवणारी बाहेर, दारातून बघेल.

पैसा किती सुटतो

एका स्लॅबला उभारायला आणि सळईला तीन-चार दिवस, नंतर १४ दिवस, मग उतरवणं, घासणं, नेणं असे दोन दिवस. म्हणजे एक संच एका घरात वीस दिवस अडकतो. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वर्षाला १२ स्लॅब. कोणी तुम्हाला एका संचात तीस घरं होतात असं सांगितलं तर ते किती दिवसांनी जॅक काढतात, ते विचारा.

पुन्हा उदाहरणाचे आकडे घेऊ. ५५ प्लेटा, ४० जॅक आणि वीसेक स्पॅन मिळून संच दीड लाखाला पडला. २७० चौरस फुटांच्या स्लॅबला १८ रुपये दराने ४,८६० रुपये भाडं, बारा स्लॅबचे ५८,३२०. त्यातून तेल, दुरुस्ती, हरवलेल्या पिना, राखणदारी असे बारा हजार वजा करा. राहिले ४६ हजार. आता पूर्ण दीड लाख बँकेचं कर्ज काढलं, तीन वर्षं आणि १२ टक्के व्याज, तर महिन्याला पाच हजारांच्या जवळ हप्ता बसतो. म्हणजे वर्षाला साठ हजार. जमत नाही! हे आधीच कागदावर बघितलेलं बरं.

जमवायचं असेल तर दोन मार्ग दिसतात. निम्मी रक्कम गटाच्या बचतीतून आणि ग्रामसंघाच्या समुदाय गुंतवणूक निधीतून, उरलेल्याचंच कर्ज. किंवा चार-पाच गावांनी मिळून प्रभागसंघाकडे एक संच. दुसरा मार्ग जास्त पैसे देणारा आहे, तो म्हणजे नुसतं सामान न देता सेंट्रिंग लावायची मजुरीही आपणच घ्यायची. भाड्यापेक्षा मजुरीचा वाटा बहुतेक ठिकाणी मोठा असतो. बारा-तेरा किलोची प्लेट घ्या असं मी वर का म्हटलं, ते आता लक्षात येईल. सामान हलकं असेल तर चौघी-पाचजणींची टोळी, सोबत एक अनुभवी सेंट्रिंग मिस्त्री घेऊन, दोन स्लॅबमध्ये काम शिकते. झारखंडमध्ये शौचालयं बांधताना तयार झालेल्या 'रानी मिस्त्री' आज गवंडीकाम करतात, मग सेंट्रिंग काय अवघड आहे? डोक्यावर घमेलं घेऊन स्लॅबवर चढणाऱ्या आपणच असतो, फक्त मोजपट्टी आजवर दुसऱ्याच्या हातात होती.

वाहतूकही वजनावर ठरते. ५५ प्लेटा सातशे किलो, ४० जॅक सहाशे, वर स्पॅन. छोटा हत्ती पाऊण टनाचा, म्हणजे दोन खेपांत तरी कसंबसं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एकाच खेपेत होतं. गावातल्या गावात ट्रॉली, हे ठरवून टाका. वाहतूक घरवाल्याकडे.

पहाड आणि शेड

गिलाव्याला लागणारा पहाड आपल्याकडे बांबूचा असतो आणि तो वाईट नाही. पावसाळ्यानंतर तोडलेला, पक्व, सावलीत वाळवलेला बांबू हलका असतो आणि काही वर्षं चालतो. सिंधुदुर्गातला माणगा तर भरीव, सरळ. फक्त काथ्या दरवेळी नवा घ्या आणि उभं राहायला फळ्या दोन तरी जोडून टाका. स्लॅबच्या खाली मात्र बांबू टेकू म्हणून नको.

सिमेंट ठेवायच्या शेडसाठी दर साइटला नवीन मांडव घालण्यापेक्षा नटबोल्टने जोडायची पाइपची चौकट आणि पत्रे एकदाच करून घेतले तर दहा ठिकाणी फिरतात. आत पोती जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीला न चिकटवता. हीच शेड दुपारी सावलीला आणि कामावर आलेल्या बायकांच्या लेकरांना झोपवायला होते, तेव्हा ती थोडी मोठीच करा.

ज्या मैत्रिणी सेंट्रिंगच्या टोळीत काम करतील त्यांनी कामाच्या दिवसांचा हिशोब लिहून ठेवावा. वय १८ ते ६० असेल आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे कामगार म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठी ९० दिवसांचा दाखला ग्रामसेवकाकडून किंवा काम देणाऱ्याकडून घ्यावा लागतो. गटाची नोंदवही तारीखवार भरलेली असेल तर तो मागताना ती दाखवता येईल.